एकतीस नकार

उमरग्याच्या सबिहा शेखला जे काम मिळालं, ते अवघ्या सहा आठवड्यांचं होतं. पुण्याच्या एका सर्वेक्षण संस्थेला तालुक्यात घरोघर फिरणारी, बायकांशी बोलू शकणारी, पदवी झालेली मुलगी हवी होती. सबिहाचं बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याकडं स्कूटी होती, आणि मुरूमकडच्या गावांतल्या बायका कानडी मिसळून बोलतात तेही तिला कळायचं. तिचे अब्बा, मुनवरभाई, हायवेला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. दुकानात येणाऱ्या ड्रायव्हरांमुळं घरातल्या सगळ्यांनाच चार भाषांचे तुकडे येत होते.

संस्थेच्या अर्पिता मॅडमनी पहिल्या दिवशी काम समजावून सांगितलं. एक जपानी कंपनी होती. मोटारीत दिव्यापासून हॉर्नपर्यंत वीज नेणाऱ्या वायरी असतात, त्यांच्या जुड्या ती बनवायची. तिला नवा कारखाना काढायचा होता आणि यादीत तीन ठिकाणं उरली होती. एक उमरगा, एक कर्नाटकात, एक तेलंगणात.

"जमीन, वीज, रस्ता हे त्यांनी आधीच पाहिलंय," अर्पिता म्हणाली. "तिन्हीकडं ते उन्नीस-बीसच आहे. आता उरलंय माणसांचं. हे काम मशीन नाही करत, हातानं होतं, आणि बहुतेक करून बायकाच करतात. चाळीस मिनिटांच्या अंतरातल्या गावांतून चारशे बायका रोज येतील का, आणि आलेल्या टिकतील का? एवढंच आपण विचारायचंय."

सबिहाला हे नवलाचं वाटलं. गावात तर वेगळंच बोललं जात होतं. कुणी म्हणायचं, सरकार जिथं जागा फुकट देईल तिथं कंपनी जाते. कुणी म्हणायचं, ज्याचा आमदार वजनदार त्याच्याकडं जाते. कारखाना कुठं काढायचा हे हणमगावसारख्या खेड्यातल्या एखाद्या सुनेच्या उत्तरावर ठरेल, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

तिला तो कारखाना उमरग्यातच यायला हवा होता. तिचा भाऊ समद चाकणला एका खोलीत सहा जणांत राहत होता आणि ईदला चार दिवस येऊन जात होता. तिच्या वर्गातल्या मुली पुण्याला, हैदराबादला गेल्या होत्या, नाहीतर लग्न होऊन गेल्या होत्या. "आपल्याकडं काय हाय?" हे वाक्य तिनं इतक्या तोंडून ऐकलं होतं, की ते खोटं ठरावं असं तिला मनापासून वाटायचं.

तिच्या वाट्याला सहा गावं आली. संस्थेनं दिलेल्या टॅबवर अठरा प्रश्न होते. वय, शिक्षण, घरात माणसं किती, आधी कुठं काम केलंय का. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न चौदावा होता. 'कारखान्याची पाळी सकाळी सात ते साडेतीन. गावातून सव्वासहाला बस निघेल. तुम्ही नियमित येऊ शकाल का?' उत्तराला दोनच चौकोन, हो आणि नाही.

पहिल्या पाच गावांत बरं चाललं. सहावं हणमगाव. तिथं मात्र एकामागून एक नकार येत गेले. बायका चांगल्या बोलायच्या, चहा द्यायच्या, पहिले तेरा प्रश्न हसत हसत व्हायचे, आणि चौदावा आला की मान हलायची.

"सव्वासहाला? न्हाय जमायचं बाई."

नागम्मा नावाच्या एका बाईनं तर सुनेला बोलूच दिलं नाही. सून शिवांजली बारावी झालेली, चोवीस वर्षांची, चुलीपुढं बसून दोघींचं ऐकत होती. नागम्मानंच उत्तर दिलं, "न्हाय म्हून लिव. तिला बी इचारू नको, मी सांगते ते लिव." सबिहानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या घरी गेली.

दोन दिवसांत हणमगावचे पंचेचाळीस फॉर्म झाले. त्यात एकतीस नकार होते.

परतताना ती रस्त्यावरच्या एका हॉटेलात चहाला थांबली, तेवढ्यात अर्पिताचा फोन आला. काम कसं चाललंय, विचारपूस झाली, आणि बोलता बोलता अर्पिता म्हणाली, "तेलंगणातले आकडे आले बरं का. चौऱ्याऐंशी टक्के हो आहे. आपल्याकडं किती जातंय बघू."

फोन ठेवला तरी चौऱ्याऐंशी हा आकडा सबिहाच्या कानात तसाच राहिला. हणमगावचे फॉर्म अजून पुढं पाठवायचे होते. तिनं टॅब उघडला. पहिला नकार बदलताना तिचा हात थांबला होता, दहाव्यापर्यंत थांबायचा बंद झाला. या बायका खरंच बस दारात आली तर जातीलच की, ती स्वतःला सांगत होती, आत्ता नुसत्या घाबरल्यात. चहा निवला. एकतीसचे एकतीस 'हो' झाले आणि तिनं बटण दाबून ते पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी कळलं, की कंपनीच्या बाई स्वतः येणार आहेत.

इशिदा मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. अंगावर साधा पांढरा सदरा, पायात सपाट बूट, केस बारीक कापलेले. चार वर्षं चेन्नईत काढल्यामुळं त्या इंग्रजी सावकाश आणि सोपं बोलायच्या. अर्पिता त्यांच्याबरोबर होतीच. गाडीत बसल्यावर इशिदा मॅडमनी गावांची यादी पुढ्यात घेतली, पेन्सिल फिरवली आणि चार गावं निवडली. दुसरं नाव हणमगावचं होतं.

सबिहा पुढच्या सीटवर बसली होती. तुरीची शेतं मागं पळत होती आणि ती मनातल्या मनात घरं मोजत होती. पंचेचाळीसातल्या चौदांनी खरंच हो म्हटलं होतं. त्यातलंच एखादं घर निघालं तर? पण गावात शिरल्यावर इशिदा मॅडमनी टॅबवर बोट ठेवलं ते थेट नागम्माच्या घरावर.

नागम्मानं पाहुण्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. जपानच्या बाईला बघायला शेजारच्या चार-पाच जणी दारात येऊन उभ्या राहिल्या. अर्पितानं शिवांजलीचा फॉर्म उघडला आणि मराठीत विचारलं, "तुम्ही सव्वासहाच्या बसनं कामाला याल, असं लिहिलंय. बरोबर ना?"

शिवांजलीनं सासूकडं पाहिलं. नागम्मानं सबिहाकडं.

"कोन लिवलं असं? म्या तर न्हाय म्हनले व्हते. ह्याच पोरीला म्हनले."

"मी बी न्हाय म्हनले की," दारातली एक बाई म्हणाली.

"मी बी."

अर्पिताचा चेहरा पांढरा पडला. इशिदा मॅडमना भाषा कळत नव्हती, पण काय झालंय ते कळायला भाषा लागत नव्हती. त्या सबिहाकडं बघत थांबल्या. सबिहाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली म्हणावं, टॅब बिघडला म्हणावं. पण समोर नागम्मा बसली होती, आणि नागम्माला खोटं पाडल्याशिवाय यातलं काहीच म्हणता येणार नव्हतं.

"मी बदललं," ती इंग्रजीत म्हणाली. "ह्यांनी नाही म्हटलं होतं. मी हो केलं."

"किती?"

"एकतीस. फक्त ह्या गावातले."

"का?"

"कारखाना इथं यावा म्हणून."

अर्पितानं डोळे मिटून घेतले. इशिदा मॅडमनी तिच्याकडून टॅब घेतला. मग त्यांनी विचारलं, "त्या नाही का म्हणाल्या?"

सबिहाला ते माहीतच नव्हतं. फॉर्मवर तसा प्रश्न नव्हता, आणि तिनं स्वतःहून विचारलाही नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मग आत्ता विचारा."

सबिहा खाटेजवळ खाली बसली. "मावशी, माझं चुकलं. पन मला एक सांगा, तुमी न्हाय का म्हनल्या? सुनेला कामाला धाडायचं न्हाय का?"

"अय्यो, धाडायला काय हुतंय?" नागम्मा चिडूनच म्हणाली. "शिकलेली हाय, घरात बसून काय करती? पन नळ कोन भरल? दिसाआड पानी सुटतंय, साडेसहाला. एक तास. म्या ह्या गुडघ्यानं किती घागरी उचलू? सव्वासहाला ही बशीत बसली, तर दोन दिस घरात पानी न्हाय."

दारातल्या बायका एकदम बोलू लागल्या. तिचंही तेच, हिचंही तेच. घरात भरणारी बाई एकच, आणि नळाची वेळ तीच बसची वेळ. सबिहा ऐकत राहिली. एकतीस घरांत ती बसून आली होती, आणि दारातल्या नळावर तिची एकदाही नजर गेली नव्हती.

अर्पितानं इशिदा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी साडेसहालाच का?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणीतरी बलभीमला बोलवायला गेलं. बलभीम हा ग्रामपंचायतीचा शिपाई, टाकीचा वाल सोडायचं काम त्याचं. पंचावन्नचा, उंच, डोक्याला पांढरी टोपी. परदेशी बाई नळाचं विचारतीय म्हटल्यावर तो जरा बावरूनच आला.

"बलभीममामा, पानी साडेसहालाच का सोडता?" सबिहानं विचारलं.

"पयल्यापास्नं हाय तसं. माज्या आदी माजा चुलता सोडायचा. तवाबी साडेसहाच."

"टाकी कवा भरते?"

"रातच्या लायटीवर. चारपातुर भरून जाती."

"मग पाचला न्हाय का सोडता यायचं?"

"सोडाय काय, सोडता येतंय," बलभीम म्हणाला. "पन पाचला भरायला उठतंय कोन?"

यावर दारातल्या बायका अशा हसल्या, की इशिदा मॅडमही दचकल्या. "आमी साडेचारला उठतो की रं!" नागम्मा म्हणाली. "तू झोपतोस म्हून गाव झोपतंय व्हय?"

बलभीमनं टोपी काढून डोकं खाजवलं. सरपंचाला विचारावं लागेल म्हणाला. मग म्हणाला, इचारायचं काय त्यात, सरपंचाची बायको बी पानी भरतीच की. चार दिवस पाचला सोडून बघतो. इशिदा मॅडमनी हे सगळं अर्पिताकडून समजून घेतलं आणि आपल्या वहीत जपानीत बरंच काही लिहिलं.

उमरग्यात परतल्यावर अर्पितानं सबिहाला बाजूला घेतलं आणि टॅब परत मागितला. ती ओरडली नाही. "तुझे सगळेच फॉर्म आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावे लागतील," एवढंच म्हणाली. "पाच गावांतले खरे असले तरी."

घरी आल्यावर अम्मीला, नसीमबीला, सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ती मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"झूट लिखी क्या गे तू?" तिनं विचारलं.

"हौ."

नसीमबीनं आणखी दहा-बारा मिरच्या निवडल्या. "त्या बायकांनी तुला चहा पाजला होता ना?" मग ती म्हणाली. "आणि तू त्यांचं तोंड त्यांच्याच फॉर्मवर बंद केलं. कंपनीचं मला काही कळत नाही. पण त्यांच्या दारात तुला परत जावं लागेल."

सबिहा दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्याही दिवशी गेली नाही. चौथ्या दिवशी तिनं स्कूटी काढली.

एकतीस घरं करायला तिला पाच दिवस लागले. आता टॅब नव्हता, कुणी पैसे देणार नव्हतं, आणि हणमगावात तिच्याबद्दल बोलून झालेलं होतं. एका घरानं तिला दारातूनच परतवून लावलं. तिथं ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. प्रत्येक घरी ती आधी आपण काय केलं ते सांगायची, मग विचारायची, की तुमची अडचण काय होती, आणि काय झालं तर ती सुटेल?

सतरा जणींना पाण्याचीच अडचण होती. सात जणींची मुलं लहान होती आणि अंगणवाडी उघडेपर्यंत ती सांभाळायला कुणी नव्हतं. पाच घरांत नवऱ्याला किंवा सासऱ्याला पसंत नव्हतं. त्यातल्या दोघांनी सांगितलं, की गावातल्या आणखी चार-पाच बायका बरोबर असतील तर हरकत नाही. तिघं नाहीच म्हणाले. उरलेल्या दोघींना कारखान्यात जायचंच नव्हतं. एकीनं कांदे निवडता निवडता सांगितलं, "मला रानात बरं वाटतंय. कुनी कोंडून घातलेलं चालत न्हाय मला. असंच लिव." सबिहानं असंच लिहिलं.

पाचव्या दिवशी बलभीम तिला टाकीपाशी भेटला. पाणी तेव्हापासून पाचला सुटत होतं. "आता मला दुपारी झोप लागती," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, पण खूश होता. बायका आता त्याला हाक मारून चहा देत होत्या.

तिनं ते सगळं सहा पानांवर नीट उतरवलं, मोबाईलवर फोटो काढले आणि अर्पिताला पाठवले. खाली लिहिलं, 'मॅडम, हे कामाचं असलं तर वापरा. नसलं तर राहू द्या.' निळी खूण आली, उत्तर आलं नाही.

दोन महिने असेच गेले. सबिहा एका बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागली. एके दिवशी अब्बांनी दुकानातूनच फोन केला. एका ड्रायव्हरनं पेपर दाखवला होता. कंपनीचा मोठा कारखाना तेलंगणात जाणार होता.

तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, पण जेवण गेलं नाही. संध्याकाळी अर्पिताचा फोन आला. इतक्या दिवसांनी स्क्रीनवर नाव बघून ती उभीच राहिली.

"पेपर वाचलास?" अर्पितानं विचारलं.

"हो मॅडम."

"अर्धीच बातमी आहे ती. मोठा कारखाना तिकडं गेला, कारण तिथून मोटारीचे कारखाने जवळ पडतात. ते आपल्या हातात नव्हतंच. पण त्यांनी एक छोटं युनिट उमरग्याला काढायचं ठरवलंय. हायवेचं ते रिकामं गोदाम आहे ना, ते भाड्यानं घेतायत. आधी एकशेवीस बायका. दोन वर्षं बघणार, चाललं तर वाढवणार."

"पन मी तर आकडे खोटे दिले होते," ती म्हणाली.

"दिले होतेसच. तुझं नाव मी पुढं कुठल्याच सर्व्हेला देणार नाही, ते वेगळं. पण तुझी सहा पानं मी इंग्रजीत करून त्यांना पाठवली होती. इशिदा मॅडमनी मला काय सांगितलं, ऐक. दुसऱ्या एका देशात त्यांनी असाच कारखाना काढला होता. कागदावर सगळं चोख होतं, नव्वद टक्के हो. तिसऱ्या महिन्यात निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या आणि कारण कुणालाच सांगता येईना. म्हणून त्या स्वतः फिरतात. म्हणाल्या, हो सगळीकडंच मिळतं. नाही का म्हणतात ते ह्या एकाच गावाबद्दल मला कळलं, आणि मी बसले होते तेवढ्यात त्यांनी नळाची वेळही बदलली."

आठवड्याभरात भरतीची जाहिरात आली. सबिहानंही अर्ज भरला, कारकुनाच्या नव्हे, जुळणीच्या कामासाठी. कारकुनाची एकच जागा होती आणि ती मागायला तिची जीभ रेटली नाही. निवड करायला चेन्नईहून आलेल्या माणसानं तिला रंगीत वायरी वेगळ्या करायला लावल्या, बोटं बघितली, डोळे तपासले. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत, खालून चौथं होतं.

युनिट दिवाळीनंतर सुरू झालं. हणमगावातून पहिल्या तुकडीत बावीस जणी आल्या, त्यात शिवांजली होती. लहान मुलांचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. कंपनीनं गोदामाच्या मागच्या खोलीत पाळणाघर काढलं, पण ते सुरू व्हायला महिना लागला आणि तेवढ्यात दोन जणी गळल्या. एक नंतर परत आली.

सबिहा आणि शिवांजली एकाच फळीवर आल्या. फळीवर खिळे ठोकलेले असायचे, त्यांच्यामधून वायरी ओढून न्यायच्या आणि काळ्या टेपनं घट्ट गुंडाळायच्या. सबिहाची टेप सुरुवातीला चुरगळायची, मग सैल पडायची. तपासणारी बाई तिच्या जुड्या बाजूला काढून ठेवायची. शिवांजलीच्या हातात मात्र टेप सरसर फिरायची.

तिसऱ्या दिवशी शिवांजलीनं तिचा हात धरला. "अंगठा वर ठेवू नको. खालनं लाव. आन् टेप वढू नको, वायर फिरव."

सबिहानं तसं केलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं जमलं.

"तू कुठं शिकलीस गं?" तिनं विचारलं.

"कुठं शिकणार? सासूच्या गुडघ्याला रोज पट्टी बांधते मी. सैल झाली की शिव्या देत्यात."

दोघी हसायला लागल्या, आणि पलीकडच्या फळीवरच्या बायका वळून बघू लागल्या. तपासणारी बाई आली, सबिहाची जुडी उचलून तिनं वाकवून बघितली, नखानं टेपची कड उचकटून बघितली. ती उचकटली नाही. बाईनं जुडी पास झालेल्या मालाच्या निळ्या पेटीत टाकली आणि काही न बोलता पुढं गेली.

"बघ," शिवांजली म्हणाली. "आता दुसरी घे."